मध्ये कोण उभं राहणार

खोउहू, ३ मार्च २०१९

वंगदादांना पेइछीचा नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटेल. इतकी वर्षं लुआन मावशी सांगायच्या आणि मी लिहायचे, कारण मावशींचं नर्सचं अक्षर औषधवाल्यालाही लागत नाही. आज पहिल्यांदाच सांगणारीसुद्धा मी आहे.

मावशी निवृत्त होतायत आणि त्यांच्या जागी मी येतेय.

परवा अंघोळीची गाडी घेऊन समुद्राकडच्या एका खाटेवरच्या आजींना अंघोळ घालायला गेलो होतो. आ-हुई खाटेशेजारी टबचे दोन भाग जोडत होती, मावशी रक्तदाब बघत होत्या आणि मी अंगणात गाडीच्या बॉयलरला नळी लावत होते. मावशींनी खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाल्या, "पेइछी, पाणी जरा बेतानं गरम ठेव. आणि जुलैपासून संस्था तूच बघ, माझी कंबर गेली." एवढंच बोलून डोकं आत घेतलं. मी नळी सोडून तशीच उभी राहिले. अंगणभर गरम पाणी झालं, कोंबड्या कौलावर चढल्या आणि आतून आजी ओरडल्या की माझी अंघोळ कोंबड्यांना का घालताय.

दादा, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. रात्री झोप येत नाही ती आनंदानं, आणि पहाटे जाग येते ती भीतीनं. भीती कशाची ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या फाउंडेशननं आम्हाला अकरा वर्षं पैसे दिले ते मावशींच्या तोंडाकडे बघून. या खेपेची तीन वर्षं डिसेंबरात संपतात. शेजारच्या गावात मुलांचा संध्याकाळचा वर्ग होता. त्यांच्या बाई गेल्या, नवीन माणूस आला आणि पैसे देणारे म्हणाले, जरा थांबून बघू. ते बघत राहिले तोवर शिक्षक दुसरीकडे लागले आणि वर्ग बंद पडला. आमच्याकडे शिक्षक नाहीत, खाटेला खिळलेली माणसं आहेत. थांबून बघू असं तुम्ही म्हणू नका, एवढंच मागते.

आणखी एक. संस्थेचा शिक्का सोपवण्याचा कार्यक्रम जूनच्या शेवटी करू, भुतांचा महिना लागायच्या आधी, कारण त्यात शुभकार्य करत नाहीत, असं मावशी म्हणतात. जुन्या माणसाकडून शिक्का घेऊन नव्याच्या हातात देणारा मधला माणूस म्हणून तुमच्या थांगबाईंनी उभं राहावं, अशी त्यांची इच्छा आहे. अध्यक्षबाई स्वतः आल्या तर आख्खं गाव लोटेल.

आपली,
श्याओ पेइछी

•

तैपेई, १७ मार्च

पेइछी,

तुझं पत्र मी लिफ्टमध्ये उघडलं आणि माझा मजला निघून गेला. मग वर गच्चीपर्यंत जाऊन तिथेच पुन्हा वाचलं. कोंबड्यांचा भाग मी थांगबाईंना वाचून दाखवला. त्या हसल्या. पुढचा भाग वाचल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला, आणि चष्मा निघाला म्हणजे काम अवघड हे मला माहीत आहे.

त्या म्हणाल्या, "पोरगी चांगली असेल, पण लुआन ती लुआन. वर्षभर हात आखडता घेऊ. मग बघू."

खोटं कशाला लिहू, मागे दोनदा अशा वेळी मीही मान डोलावली होती. या वेळी तोंडातून निघून गेलं, "बाई, गाडीवर नवीन ड्रायव्हर बसला की आपण टाकीतलं पेट्रोल काढून घेतो का? उलट त्या दिवशी जास्त भरून देतो." थांगबाईंचा जन्म स्क्रूच्या कारखान्यात गेला. त्यांना अशी भाषा लगेच पोचते.

तर मिळालं ते असं. चालू पैसे एक दिवसही थांबणार नाहीत. शिवाय एप्रिलपासून जूनपर्यंत तू आणि लुआन मावशी दोघींनाही प्रमुखाचा पूर्ण पगार, म्हणजे त्यांना घाईनं उठावं लागणार नाही आणि तुला फुकट राबावं लागणार नाही. दुसरं, च्वांग ताई. त्यांनी स्वतः एका संस्थापकाच्या मागून बहिऱ्या मुलांची शाळा वीस वर्षं चालवली. तुला काही विचारायचं असेल, रडायचं असेल, मावशींना शिव्या द्यायच्या असतील, तर त्यांना फोन कर. त्यातला एक शब्द आमच्याकडे येणार नाही, तसं मी ठरवूनच घेतलंय. तिसरं, मे महिन्यात मावशींनी महिनाभर कुठेतरी जायचं, खर्च आमचा. संस्थापक खुर्चीतून उठला तरी दारात उभा राहतो, हे मी बरेचदा पाहिलंय.

पुढच्या तीन वर्षांचा निर्णय मात्र जूनच्या बैठकीत होईल. तो मला आत्ता काढून घेता आला नाही. थांगबाई मध्ये उभ्या राहायला आनंदानं तयार आहेत, त्यांनी नवीन जाकीटसुद्धा शिवायला टाकलंय.

अभिनंदन. अंगण वाळलं का?

वंग तिंगयुए

•

खोउहू, २० एप्रिल

वंगदादा,

अंगण वाळलं, पण मी अजून ओलीच आहे. किती काय काय सांगू.

मावशींनी त्यांची खुर्ची मला दिली आणि स्वतः समोर स्टूल टाकून बसल्या. याच्यापेक्षा त्या खुर्चीतच बसल्या असत्या तर बरं होतं. फोन वाजतो, मी म्हणते मी पेइछी, प्रमुख. पलीकडून म्हणतात, "बरं बाळ, मावशी आल्या की सांग." मावशी समोर बसून शेंगदाणे सोलत असतात आणि नाही नाही म्हणून हात हलवतात.

पण ऐका, मी संध्याकाळची फेरी सुरू केली. कालवं सोलणाऱ्या बायका शेडमधून घरी येतात तेव्हा आमची गाडी निघून गेलेली असते. म्हणजे ज्या मुली आईला रोज भरवतात, त्यांनी आईला अंघोळीत कधी पाहिलेलंच नसतं. मावशींना ही फेरी कधीच नको होती. अंधार, वारा आणि अरुंद बांध, असं त्यांचं म्हणणं. या वेळी मात्र त्यांनी फक्त ओठ असे मिटले की ते पांढरे पडले. पहिल्याच दिवशी एक मुलगी कामावरून तशीच आली, हाताला कालवांचा वास, आणि तिनं आईच्या केसांना स्वतः साबण लावला. आई तीन वर्षांत बोलली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही, पण तिनं डोकं लेकीच्या हातात सोडून दिलं. परतताना मी गाडीत मोठ्यानं गात होते. आ-हुईनं कान झाकले.

आता रागाचं लिहिते.

आ-हुईनं सुट्टी मागितली ती मावशींकडे. मी विचारलं, माझ्याकडे का नाही. तिनं सरळ सांगितलं, "वंगदादा दर आठवड्याला मावशींना फोन करून विचारतात, पोरगी कशी चाललीय. पैसे देणारे जिला विचारतात, मोठी तीच ना?"

दादा, मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी तुम्हाला मन उघडं करून पत्रं लिहायची आणि खरं काय ते तुम्ही मावशींना विचारायचं. मावशी फोन घेऊन अंगणात जातात आणि सगळं ऑफिस कामाचं सोंग करून ऐकत असतं. तुम्ही पेट्रोल भरून दिलंत खरं, पण एक हात स्टिअरिंगवर ठेवून बसलायत.

च्वांग ताई म्हणाल्या, हे लिहायचं तर लगेच लिही, नाहीतर पोटात कुजेल. म्हणून लिहिलं.

पेइछी

•

तैपेई, २६ एप्रिल

पेइछी,

तुझं खरं आहे. मला वाटत होतं मी काळजी करतोय, पण मी पाळत ठेवत होतो. कानाला खडा लावला. आज लुआन मावशींना शेवटचा फोन केला आणि सांगितलं की यापुढे संस्थेबद्दल जे विचारायचं ते तुलाच विचारीन, आणि अंगणात न जाता आत बसूनच हे ऐका म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी स्पीकर लावते." लावला की नाही ते तुला माहीत असेल.

संध्याकाळच्या फेरीबद्दल वाचलं तेव्हा चहा गार झाला. असंच लिहीत जा.

आता एक सोपं काम. कार्यक्रमाच्या सकाळी थांगबाईंबरोबर कांगशानचे वीसेक स्क्रूवाले व्यापारी येतील. हीच मंडळी फाउंडेशनला हातभार लावतात. दरवर्षीसारखं त्यांना एका घरी अंघोळ दाखवायची आणि फाउंडेशनच्या कॅलेंडरसाठी दोनचार फोटो काढायचे. बोलक्या चेहऱ्याच्या एखाद्या आजी निवडून ठेव. हे सगळं जूनच्या बैठकीच्या दृष्टीनं फायद्याचं ठरेल.

वंग

•

खोउहू, १२ मे

वंगदादा,

हे पत्र मी चारदा फाडलं. मावशी गेल्या आठवड्यात ज्याओशीला गेल्या, गरम झऱ्यांच्या गावी. म्हणजे विचारायलाही कोणी नाही. तेच बरं झालं.

अंघोळ दाखवणार नाही.

एक वाक्य लिहिलं तर आता पुढची आपोआप येतायत. आमच्या टबमध्ये माणूस नागवं असतं. अंगावर टॉवेल असतो, पण टॉवेलखाली काय आहे ते सगळ्यांना माहीत असतं. मागच्या वर्षी पाहुणे आले तेव्हा टबचं डोक्याकडचं टोक माझ्या हातात होतं. त्या आजींनी डोळे मिटून घेतले. व्यापारी म्हणाले, बघा किती समाधान आहे चेहऱ्यावर. समाधान कसलं, दारात वीस जणांचे बूट दिसत होते म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. तोच चेहरा पुढे कॅलेंडरवर आला. त्यांच्या नातवानं ते खताच्या दुकानात भिंतीवर पाहिलं.

मावशींनी कधी नाही म्हटलं नाही, मला माहीत आहे. आणि जूनमध्ये बैठक आहे हेही माहीत आहे. तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिलंय, मी पहिल्या ओळीसारखं वाचलं. पैसे थांबले तर संध्याकाळची फेरी आधी बंद होईल, मग आ-हुईची नोकरी जाईल. आ-हुईला मी हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाठव.

दुसरं असं की थांगबाईंनी यावं, पुढच्या रांगेत बसावं, आम्ही कालवांची ऑम्लेटं करू. पण त्यांनी मध्ये उभं राहू नये. शिक्का मावशींच्या हातून पैसे देणाऱ्यांच्या हातात आणि तिथून माझ्या हातात आला, तर ही जागा मला तुम्ही दिलीत असं होईल. ती मला मावशींनी दिलीय.

लिहून झालं. खरं सांगू, इतकं हलकं मला नळी सोडून दिली त्या दिवसापासून वाटलं नव्हतं.

श्याओ पेइछी, प्रमुख

•

ज्याओशी, २५ मे

तिंगयुए,

माझं अक्षर लागत नसेल तर भिंग आण. हे तुला स्वतःच वाचायचंय.

पेइछीनं तुला लिहिलेलं मला फोनवर सांगितलं. विचारलं नाही, झाल्यावर सांगितलं. मी पाण्यात पाय सोडून बसले होते, तशीच उठले आणि घसरून पुन्हा बसले.

अकरा वर्षं मला ते दाखवणं आवडलं नाही. दरवर्षी मी ठरवायची की या खेपेला नाही म्हणीन. मग तू यायचास, बरोबर सामानाच्या पेट्या यायच्या, नव्या गाडीची चावी यायची आणि माझी जीभ टाळूला चिकटायची. तू वाईट माणूस नाहीस. तू कधी मागितलंच नाहीस, नुसतं ‘दरवर्षीसारखं’ म्हणालास, आणि त्याला नाही कसं म्हणायचं ते मला कळलं नाही. पोरीला कळलं.

इथे एक बाई रोज माझी पाठ चोळते. पहिल्या दिवशी मी तिला दार लावायला लावलं.

बैठकीत कणा असेल तर हे पत्र मोठ्यानं वाच. पैसे थांबवायचे तर माझ्या नावानं थांबवा, तिच्या नाही.

गोंग श्यूलुआन

•

तैपेई, ११ जून

पेइछी,

मी महिनाभर लिहिलं नाही. तुला वाटलं असेल की वंगदादा रुसले. मी घाबरलो होतो. तुझं पत्र थांगबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांनी चष्मा काढला तो चार दिवस घातलाच नाही. भेटले की एवढंच म्हणायच्या, "खुर्चीत बसून तीन महिने झाले नाहीत आणि डोळे दाखवते."

काल बैठक झाली. लुआन मावशींनी एक पत्र पाठवलं होतं, ते मी उभं राहून वाचलं. माझ्याबद्दलचा भाग गाळावा असं मनात आलं होतं, गाळला नाही. वाचून झाल्यावर थांगबाईंनी विचारलं, "लुआन अकरा वर्षं गप्प बसली?" मी म्हणालो, हो. "आणि ही पहिल्याच झटक्यात बोलली?" मी म्हणालो, हो, चारदा कागद फाडून.

मग त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो. "आमच्या कारखान्यात नवीन स्क्रू आला की किती ताण घेतो ते बघूनच घेतात. मी हिला वर्षभर बघणार होते. हिनं पहिला ताण माझ्यावरच टाकला आणि ती तुटली नाही. जी मला नाही म्हणते ती कोणालाही म्हणेल. अजून काय बघायचंय?"

तीन वर्षं, पेइछी. पूर्ण तीन, आणि कशावर खर्च करायचे ते तू ठरवायचं, संध्याकाळची फेरी धरून. मी बैठकीतून बाहेर आलो आणि जिन्यात एकट्यानं टाळ्या वाजवल्या. साफसफाईवाल्या काकू विचारत होत्या, मुलगा झाला का.

ते कॅलेंडर दुकानांच्या भिंतींवरून काढून घ्यायला माणसं पाठवली आहेत. यंदा नुसते स्क्रू छापणार. व्यापारी येणार नाहीत, बाई येतील. त्यांचं नवीन जाकीट लाल आहे आणि मध्ये उभं राहायचं नसेल तर ते दिसणार कसं, अशी त्यांची तक्रार आहे. पहिल्या रांगेत दिव्याखालची खुर्ची ठेव.

वंग

•

खोउहू, ३० जून

वंगदादा,

तुम्ही काल होतात, सगळं पाहिलंत, तरी लिहिते, कारण तुम्ही पाहिलं ते खुर्च्यांच्या बाजूनं.

तीन वर्षांचं पत्र आलं तेव्हा मी आणि आ-हुई गाडीत होतो. मी ओरडले, तिला वाटलं टायर फुटला. मग तीही ओरडली. बांधावरचे बगळे उडाले.

काल मंडप भरला. थांगबाई दिव्याखाली बसल्या आणि मिरवल्या, छान दिसत होत्या. चार घरच्यांनी आपापल्या खाटेवरच्या माणसांना चाकाच्या खुर्चीतून आणलं, छान कपडे घालून, केस विंचरून. कॅलेंडरवरच्या आजीही आल्या होत्या. त्या डोळे सताड उघडे ठेवून बसल्या होत्या, तुमच्याकडेच बघत होत्या, तुम्हाला कळलं का?

मध्ये कोणी नव्हतं. मावशी आणि मी समोरासमोर, मधली जागा रिकामी. मावशींनी शिक्का दोन हातांत धरला आणि पुढे केला. मीही दोन्ही हात पुढे केले, पण त्यांचे हात सुटेनात. सगळ्यांना वाटलं फोटोसाठी थांबल्यात. फोटोवाला काढतही राहिला. मी हळूच म्हणाले, "मावशी, सोडा आता." त्या म्हणाल्या, "सोडते गं, घाई काय आहे," आणि त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले. शेवटी सोडला. टाळ्या पडल्या त्या तुम्हाला ऐकू आल्याच.

तुम्हाला ऐकू आलं नसेल ते पुढचं. जेवणं चालू होती, तुम्ही ऑम्लेटच्या रांगेत होतात. दुपारच्या फेरीची वेळ झाली म्हणून मी आणि आ-हुई गाडीत नळ्या भरत होतो. मावशी आल्या. हातात त्यांची पिशवी, त्यात रक्तदाबाचं यंत्र आणि छत्री. मला वाटलं, आता गाडीत चढून पुढच्या सीटवर बसणार. मी त्यांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते, सांगायचं तर होतंच.

त्यांनी यंत्र काढून त्यांच्या जागी फेरीवर येणाऱ्या नव्या नर्सच्या हातात दिलं. मग माझ्यासमोर सरळ उभ्या राहिल्या. रुग्णाच्या घरच्यांसमोर उभ्या राहायच्या ना, तशाच. आणि विचारलं, "श्याओ प्रमुख, माझं काम झालं. मी निघू का?"

संस्था काढल्यापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी असं कोणाला विचारलं नसेल.

मी म्हणाले, "हो मावशी, निघा."

पेइछी